बारा फ्रेमचा ठोका

उत्तर लंडनच्या हॅम्पस्टेड भागात एकोणिसाव्या शतकातलं एक चर्च आहे. तिथे आता प्रार्थना होत नाहीत, रेकॉर्डिंग होतात. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी 1992 मध्ये आपला एअर स्टुडिओ त्या वास्तूत थाटला. 2010 साली आलेल्या ‘ट्रॉन: लेगसी’ या सिनेमासाठी तिथे 85 वादकांचा ऑर्केस्ट्रा बसला, आणि त्यांच्यासमोरच्या स्टँडवर जे संगीत होतं ते डाफ्ट पंक या जोडीचं. ही जोडी म्हणजे क्लबातल्या लोकांना पहाटेपर्यंत नाचवणारे, आणि चारचौघांत येताना न चुकता यंत्रमानवाचं हेल्मेट चढवणारे दोन फ्रेंच गृहस्थ. (पुण्यात जन्मले असते, तर या हेल्मेटपायीच त्यांचं कुणाशी पटलं नसतं.)

हे ऐकलं की आपल्या मनात लगेच कुस्तीचा फड लागतो. एका बाजूला चार पिढ्यांची तालीम असलेले व्हायोलिनवाले, दुसऱ्या बाजूला वायरींचं जंजाळ. माणूस विरुद्ध यंत्र. बघू कोण कोणाला चीत करतो! पण हा तंटा त्या चर्चमध्ये सुटायचा राहिलाच नव्हता. सिनेमावाल्यांनी तो कधीच मिटवून टाकला होता.

पडद्याकडे बघून वाजवणाऱ्या वादकाच्या एका कानावर हेडफोन असतो. त्यात सतत टक्, टक्, टक् चालू असते. तिला क्लिक म्हणतात. दुसरा कान मोकळा ठेवायचा, शेजारचा काय वाजवतोय ते कळायला. ही टकटक 1920 च्या दशकाच्या अखेरीस डिस्नेच्या कार्टूनपटांच्या काळात रुळली. हाडांचा सांगाडा पडद्यावर नाचतो तेव्हा पाय आणि ढोल एकाच क्षणी पडायला हवेत, तिथे ‘साधारण जमलं’ चालत नाही. पुढे फिल्मच्या ध्वनिपट्टीवर ठरावीक अंतराने भोकं पाडून ही टकटक काढत. म्हणजे सिनेमातलं जे हळुवार, काळीज पिळवटणारं व्हायोलिन ऐकून आपण रुमाल शोधतो, ते वाजवणाऱ्याच्या कानात त्या वेळी कुणीतरी टेबलावर पेन्सिल आपटत असतं.

त्यातही गंमत अशी की सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम पळतो. दर 12 फ्रेमला एक टक् धरली की मिनिटाला बरोबर 120 ठोके होतात. आणि हाऊस संगीत, ज्यातून डाफ्ट पंक आले, ते राहतं साधारण 120 ते 130 च्या घरात. नाचणाऱ्या पायांची आणि पळणाऱ्या फिल्मची गाठ कुणी मुद्दाम बांधलेली नाही, ती गणितातच पडलेली आहे.

मग अडतं कुठे? अडतं ते उशिरापाशी. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मागच्या रांगेतला तुतारीवाला पुढच्या माइकपासून 17 मीटरवर बसला असेल, तर त्याचा सूर तिथे पोचायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. शिवाय चेलोची जाड तार गज लागल्याबरोबर बोलत नाही, आधी घसा खाकरते. यंत्राचा ठोका मात्र जिथे पडायचा तिथेच पडतो. त्याला घसा नाही, अंतर नाही, समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय नाही. तबलजी गवयासाठी मात्रेच्या काठावर जरा थांबतो, तसलं काही तो करणार नाही. माझ्या मते या दोन संगीतांच्या मिश्रणातली सगळी मजा या उशिरात आहे. ‘ट्रॉन’मधला ‘द गेम हॅज चेंज्ड’ हा तुकडा ऐका. खालच्या पट्टीतले स्ट्रिंग्ज एकच सुरावट घोळवत राहतात, वरून फाटलेल्या आवाजाचे इलेक्ट्रॉनिक ड्रम कोसळतात, आणि दोघांतल्या त्या केसभर फटीतून 85 माणसं खोलीत बसली असल्याचं कळतं.

ट्रेलरवाल्यांनी मात्र या युक्तीचं मातेरं केलंय. खाली धडधड असतेच, वर ऑर्केस्ट्रा रुखवतासारखा मांडलेला असतो. कौतुकाने बघायचा, वापरायचा कुणीच नाही.

1982 साली पहिला ‘ट्रॉन’ आला, तेव्हा वेंडी कार्लोस यांनी सिंथेसायझर आणि लंडन फिलहार्मोनिक यांना एकत्र बसवलं होतं. त्याच वर्षी इकडे मुंबईत हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची नवी यंत्रं घेतली आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक तबकडी काढली. ती फारशी कुणी घेतली नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्यांच्याकडच्यासारख्याच एका यंत्रातून, टीबी-303 मधून, ‘अॅसिड हाऊस’ जन्माला आलं, आणि तबकडीचा पुनर्जन्म व्हायला 2010 उजाडलं. म्हणजे ‘लेगसी’चंच साल. तोवर भैरव आणि ललत डिस्कोच्या कपड्यांत कपाटात उभे होते. सिनेमाच्या वादकाला यंत्राचं भय वाटत नाही ते उगाच नाही. रोज एक यंत्र कानाला लावूनच तो कामाला बसतो.

माझा भाचा डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये बसून असलं संगीत बनवतो. हॅम्पस्टेडच्या त्याच चर्चमध्ये स्ट्रिंग्जचे सूर एकेक करून रेकॉर्ड केलेले असतात आणि ते विकत मिळतात. सिनेमाचे संगीतकार हान्स झिमर यांच्या नावाच्या एका संचात तर 344 वादक आहेत. भाच्याकडे त्याचं स्वस्तातलं भावंड आहे, तरी आमच्या हिशेबाने वस्ती दाटच. परवा त्याने मला स्क्रीनवर स्ट्रिंग्जची लाट दाखवली. प्रत्येक ठोक्यापाशी लाट खचून पुन्हा वर येत होती.

“हे काय केलंस?”

“साइडचेन. किक आली की स्ट्रिंग्ज खाली बसतात, किक गेली की वर येतात.”

“का बरं?”

“नाहीतर किक ऐकूच येणार नाही ना, मामा. सगळ्यांना एकाच जागी उभं राहायचंय.”

“म्हणजे एवढ्या माणसांनी दर अर्ध्या सेकंदाला त्या ठोक्याला मुजरा करायचा?”

“तूच म्हणतोस ना, वादक नम्र पाहिजे.”

भाच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण आपलीच वाक्यं त्याच्याकडे साठवलेली असतात. पण तो मुजरा ऐकायला छान लागतो, हे मान्य केलं पाहिजे. सगळा ऑर्केस्ट्रा श्वास घेतोय असं वाटतं. श्वास खरं तर ठोकाच त्याला घ्यायला लावतो.

डाफ्ट पंकची जोडी 2021 मध्ये फुटली. त्यातल्या तोमा बांगाल्तेरने हेल्मेट उतरवलं आणि बोर्दोमधल्या एका बॅलेसाठी नव्वदेक मिनिटांचं संगीत लिहिलं. सगळं ऑर्केस्ट्राचं, यंत्राचा एक ठोका नाही. इतकी वर्षं यंत्राच्या वेळेत राहिल्यावर माणसाला उशिरा यायची हौस वाटणारच.

आपल्याला या प्रकरणात जवळचा वाटावा असा एक धागा ‘मेट्रिक्स’मध्ये आहे. 2003 च्या दोन भागांत संगीतकार डॉन डेव्हिस यांच्या ऑर्केस्ट्राबरोबर ज्युनो रिअॅक्टर हा ब्रिटिश गट वाजला. हा गट गोवा ट्रान्सचा. हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर परदेशी मंडळींच्या रात्रीच्या पार्ट्यांतून हे संगीत तयार झालं. उन्हाने तबकड्या वाकतात म्हणून तिथले डीजे कॅसेट आणि डॅट टेपवर भागवत. त्या टेपांनी हे संगीत युरोपात नेलं. खुद्द गोव्यात आता रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा तर नियम आडवा येतो. तर या गोवेकर ठेक्यावर, हॉलीवूडच्या ऑर्केस्ट्रासह, कोरस म्हणतो काय? बृहदारण्यक उपनिषदातली, अंधारातून उजेडाकडे ने म्हणणारी ती प्रार्थना. भर पावसात नायक निओ आणि त्याचा वैरी स्मिथ एकमेकांना चिखलात गाडत असतात तेव्हा ती वाजते, आणि श्रेयनामावली येते तेव्हा तिचंच नाचाचं रूप, ‘नवरस’.

भाच्याने एका रविवारी ते मोठ्याने लावलं, तेव्हा माझी आई आतून पदराला हात पुसत आली आणि दारात उभी राहिली. संस्कृत आहे हे तिला पहिल्या ओळीतच कळलं.

“कोण म्हणतंय रे?”

“परदेशी आहेत आजी, सिनेमातलं आहे.”

“उच्चार बरे आहेत. पण भांडण कुणाशी चाललंय?”

“स्मिथशी.”

“प्रार्थना म्हणता म्हणता?” ती थोडा वेळ ऐकत राहिली. “बरं, असेल त्यांची पद्धत. तो मागे घण घालतोय ना, त्याला म्हणावं ओळ पूर्ण होईपर्यंत तरी थांब.”

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. साइडचेन उलटी लावता येते म्हणे. गळा लागला की ठोक्यानेच खाली बसायचं. संध्याकाळी त्याने आपल्या एका ट्रॅकवर ते करून पाहिलं. नाचायला याचा काडीचा उपयोग नाही, असं त्याचं मत पडलं. आजीला आवडलं. फक्त आवाज अजून थोडा कमी कर म्हणाली, शेजारच्यांकडे पाहुणे आलेत.