वीस पट जागा वाचते म्हणे

कुरुंदवाडच्या एका पतसंस्थेचं संगणकाचं काम मी पाहतो. बॅकअपसाठी डीड्युप्लिकेशन घेऊन येणाऱ्या विक्रेत्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. जागा वीस पट वाचेल, हे ते खुर्चीवर बसायच्या आधी सांगतात. पूर ओसरल्यावर संस्थेचा डेटा किती तासांत परत उभा राहील, हे मात्र विचारावं लागतं, आणि विचारल्यावर उत्तर येतं, "सर, ते डिपेंड करतं." कशावर डिपेंड करतं, हे त्यांच्या माहितीपत्रकात कुठल्याच पानावर नसतं.

या गावात हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. 2005, 2019, 2021 ही सालं इथे कुणाला आठवून सांगावी लागत नाहीत. कृष्णा-पंचगंगेचा संगम शेजारी नृसिंहवाडीत आहे. वाडीच्या दत्तमंदिरात नदीचं पाणी शिरून दक्षिणद्वार सोहळा झाला की आमच्याकडे सामान वर चढवायला सुरुवात होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे पोरासोरांनाही पाठ असतं. अशा गावातल्या संचालक मंडळापुढे "आम्ही जादा प्रती काढून टाकतो" असं वाक्य टाकायचं म्हणजे काय! चेअरमन लगेच म्हणाले, "पुरात एक प्रत गेली तर दुसरी असावी म्हणून आपण बॅकअप घेतो ना? मग दुसरी का काढायची?" प्रश्न अगदी रास्त होता. विक्रेत्याने त्यावर पुढची स्लाईड दाखवली.

उत्तर खरं तर सोपं होतं. डीड्युप्लिकेशन एकाच साठ्यातली पुनरुक्ती काढतं. डेटाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा ठसा काढायचा (अनेक ठिकाणी एसएचए-256 या पद्धतीने), तोच ठसा पुन्हा आला तर तुकडा परत न साठवता नुसता दाखला ठेवायचा. पूररेषेबाहेरची दुसरी डिस्क हा वेगळा साठा. तिच्यात प्रत्येक तुकडा पुन्हा पूर्ण असलाच पाहिजे. चेअरमनांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना दोन मिनिटांत पटलं. ही दोन मिनिटं विकणाऱ्याने द्यायची असतात.

आता त्या वीस पटीचं गणित. 100 जीबी डेटा आहे, रोज त्यातला 1 जीबी बदलतो आणि महिनाभर रोज पूर्ण बॅकअप घेतला, असं धरू. एकूण 3000 जीबी झाले. डीड्युप्लिकेशननंतर 130 च्या आसपास राहतात. झाली तेवीस पट बचत! पण तुम्ही आधीच रोज फक्त बदललेला भाग घेत असाल तर साठा मुळातच तेवढा असतो, आणि बचत जवळपास काहीच होत नाही. म्हणजे हा आकडा मुख्यतः तुमची जुनी पद्धत किती उधळी होती ते सांगतो. तो यंत्राचा गुण म्हणून छापणं मला पटत नाही.

शिवाय आमचा डेटा कसला आहे हे कुणी बघतच नाही. एक कर्ज फाईल उघडून बघा. गावात अमक्याला तमका जामीन आणि तमक्याला अमका. त्यामुळे एकाच जामीनदाराचा सातबारा, आठ अ आणि आधार कार्ड चार-पाच फाईलींत असतं. वाटतं, इथे डीड्युप्लिकेशनला सोन्याची खाण मिळाली. प्रत्यक्षात प्रत्येक कर्जाच्या वेळी लिपिकाने तोच कागद पुन्हा स्कॅनरवर ठेवलेला असतो. कधी तो केसभर तिरका पडतो, कधी काचेवर धूळ असते. डोळ्यांना कागद तोच, पण फाईलमधला एकही तुकडा जुळत नाही. वर पीडीएफ आधीच दाबून लहान केलेली. यावर उपाय यंत्रात नाही, टेबलावर आहे. जामीनदाराचा कागद एकदाच स्कॅन करायचा आणि सगळ्या कर्जांना तीच फाईल जोडायची. हे एवढं केलं तर जी जागा वाचेल ती कुठल्याही महागड्या पेटीपेक्षा जास्त असेल. पण ते सांगण्यात कुणाचं कमिशन नाही.

दुसरा जाच हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा. ते रोज संध्याकाळी स्वतःच सगळा डेटा झिप करतं आणि त्यावर पासवर्डचं कुलूप घालतं. कुलूप घातलेल्या दोन दिवसांच्या फाईली आतून नव्याण्णव टक्के सारख्या असल्या तरी बाहेरून त्यांच्यात काही साम्य उरत नाही. क्रम उलटा हवा: आधी डीड्युप्लिकेशन, मग दाब, मग कूटबद्ध करणं. हा झिप आणि पासवर्डचा पर्याय बंद कसा करायचा ते सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदत केंद्राला विचारलं, तर त्यांनी मला सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला सांगितलं.

पद्धत निवडताना जे खरं बघायचं ते असं. नुसती फाईल फाईलशी ताडून बघणं आमच्या कामाचं नाही. यादीत एक नाव वाढलं की सगळी फाईल नवी ठरते. ठरावीक मापाचे तुकडे डेटाबेसला चालतात, कारण तिथली पानं एका मापाची असतात आणि जागा सोडत नाहीत. साध्या फाईलीत मात्र सुरुवातीला एक अक्षर घुसलं की पुढचे सगळे तुकडे सरकतात. मजकूर बघून तुकड्याची हद्द ठरवणारी पद्धत तिथे टिकते. रेस्टिक, बॉर्ग ही फुकट मिळणारी साधनं हेच करतात, आणि तरी मला आलेल्या एकाही कोटेशनमध्ये त्यांचा उल्लेख नव्हता.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे काम कुठे व्हावं. 2009 मध्ये ईएमसीने 200 कोटी डॉलरहून अधिक मोजून डेटा डोमेन ही कंपनी घेतली. तिची पेटी डेटा आपल्यापर्यंत आला की तुकडे ताडायची. मोठ्या डेटा सेंटरला ते ठीक. आमची इंटरनेटची लाईन पावसात आधी मंदावते, मग जाते. पुण्यात 2008 साली मिलिंद बोराटे, जसप्रीत सिंग आणि रमणी कोथंडरामन यांनी सुरू केलेल्या ड्रुवाने लॅपटॉपच्या बॅकअपसाठी उलटी वाट धरली. तुकडे मूळ संगणकावरच ताडायचे आणि नवे तेवढेच लाईनीवरून पाठवायचे. नदीकाठच्या गावाला हीच वाट सोयीची आहे. बंधाऱ्याचं पाणी 39 वर आलं आणि वीज जायला थोडे तास उरले, तेव्हा दिवसभराचा 1 जीबी गावाबाहेर जाऊ शकतो, 100 जीबी जाऊ शकत नाहीत. आधी सगळं उतरवून रात्री सावकाश ताडणारी यंत्रंही असतात. त्यांना आधी पूर्ण डेटाएवढी मोकळी जागा लागते, आणि रात्रभर वीजही लागते. कुरुंदवाडात जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभर वीज गृहीत धरणाऱ्याने एक पावसाळा इथे राहून बघावा.

एक धोका तर बोललाच जात नाही. शंभर फाईलींनी वाटून घेतलेला तुकडा बिघडला तर त्या शंभरही फाईली बिघडतात. म्हणून साठा ठरलेल्या वेळी पूर्ण वाचून तपासावा लागतो, आणि दुसऱ्या गावातली प्रत स्वतंत्र ठेवावी लागते. शिवाय फाईल परत घेताना तुकडे डिस्कभरातून गोळा करायचे असल्यामुळे साध्या प्रतीपेक्षा वेळ जास्त लागू शकतो. पूर ओसरल्यावर ठेवीदार काउंटरवर उभा असतो. घरातलं धान्य भिजलेलं असतं, त्याला पैसे त्याच दिवशी हवे असतात. त्याला आमची बचत किती पट झाली हे सांगून काय उपयोग?

म्हणून संचालक मंडळाला मी लेखी कळवलं आहे. यापुढे कोटेशन घ्यायचं ते आमच्याच डेटावर चाचणी करूनच. खातेवहीचा पूर्ण डेटाबेस रिकाम्या संगणकावर परत आणून दाखवावा, लागलेला वेळ कोटेशनवर लिहावा आणि खाली सही करावी. परवा एका विक्रेत्याला फोनवर हे सांगितलं. त्याने बचतीचा आकडा वीसवरून तीस पट केला.