पुढचं दार, मागचं दार

खुनी कोण हे शोधण्यासाठी लोक रहस्यकथा वाचतात, असा एक समज आहे. ऐतिहासिक रहस्यकथांच्या लांबलचक मालिका वाचणाऱ्यांना तो लागू पडत नाही. तिथला खुनी तीनशे पानांत सापडतो, त्याला फाशी होते आणि पुढच्या महिन्यात त्याचं नावही आठवत नाही. आठवत राहतं ते भलतंच. त्या उमरावाच्या मुलीनं त्या फाटक्या गुप्तहेराला शेवटी हो म्हटलं का? तिच्या आईनं किती आकांडतांडव केलं? पुस्तक संपताना दोघं जिन्यात बोलत उभी होती, ती पुढच्या भागात तरी वर गेली का? माझ्यासारखी माणसं एकामागून एक भाग वाचत जातात ती या चौकशीपायी. प्रेतं आपली अधूनमधून येतात.

लेखकाची अडचणही समजण्यासारखी आहे. आजच्या कथेत दोन वेगळ्या थरांतली माणसं ऑफिसात, लोकलमध्ये, अगदी लिफ्ट बंद पडली म्हणूनही भेटू शकतात. पण 1881 सालच्या लंडनमध्ये दिवाणखान्यात वाढलेली मुलगी आणि पोलिसातला माणूस यांनी एकमेकांशी सलग दहा वाक्यं बोलावीत, याला निमित्त काय द्यायचं? तेव्हा लेखक एक खून पाडतो. हा खून जुन्या काळच्या लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा असतो. तो कुणाच्याही घरात शिरतो, ज्यांची कधी गाठ पडू नये त्यांना समोरासमोर बसवतो, खासगीतले प्रश्न विचारायची मुभा देतो, आणि काम झाल्यावर मानपानासाठी अडूनही बसत नाही.

अ‍ॅन पेरी यांनी 1979 साली ‘द केटर स्ट्रीट हँगमन’मध्ये हेच केलं. शार्लट एलिसन ही सुखवस्तू घरातली मुलगी. तिच्या गल्लीत तरुण मुलींचे गळे आवळले जाऊ लागतात आणि तपासाला इन्स्पेक्टर थॉमस पिट येतो. हा एका जमीनदाराच्या रानाची राखण करणाऱ्याचा मुलगा. मालकाच्या मुलाबरोबर शिकवणी मिळाली म्हणून भाषा शुद्ध. अवतार मात्र विचारू नये. केस विस्कटलेले, आणि खिशांत एवढा सटरफटर ऐवज कोंबलेला की कोट दोन्ही बाजूंनी लोंबतो. त्या काळी पोलिसानं नोकरांच्या, वाण्या-दुधवाल्यांच्या दारानं यावं अशी रीत. पिट हट्टानं पुढच्या दाराची घंटा वाजवतो. दार उघडणाऱ्या बटलरची पंचाईत होते, कारण कानावर पडतं ते बोलणं पुढच्या दाराचं आणि डोळ्यांना दिसतो तो कोट मागच्या दाराचा.

शार्लट त्याच्याशी लग्न करते. एखादीनं इथे शेवटचा पडदा पाडला असता. पेरीबाईंनी तीसहून जास्त पुस्तकं लिहिली आणि लग्नानंतरचा हिशेब मांडला. पोलिसाच्या पगारात बसेल तेवढं घर, कामाला ग्रेसी नावाची एकच पोर आणि नव्या कपड्यांच्या नावानं शून्य. मोठ्या घरच्या मेजवानीत कुणाकुणाची बोलणी ऐकायला जायचं, तर शार्लटला झगा उसना आणावा लागतो, बहुतेक वेळा बहिणीचा. ही बहीण एमिली उमरावाला दिलेली. पाहुण्यांच्या गर्दीत शार्लट दिमाखात वावरते, पण अंगावरचा दिमाख उद्या परत करायचा असतो. पार्टीत हातातला पेला सांडू नये म्हणून नायिकेचा जीव वरखाली होतो, तो खुन्याच्या भीतीनं की झग्याच्या, हे वाचकानं ठरवावं.

मात्र याच हिशेबात मालिकेची सगळी गंमत आहे. पिट गाडीवानाला, स्वयंपाकिणीला, कोपऱ्यावरच्या पोलिसाला बोलतं करू शकतो. दिवाणखान्यात त्याच्यासमोर कुणी तोंड उघडत नाही. शार्लट चहाच्या कपामागून बाईसाहेबांच्या पोटातलं काढून घेते. दोघांनी रात्री स्वयंपाकघरात बसून आपापला अर्धा भाग सांगितला की घर पूर्ण होतं. लग्नाच्या आड आली ती दरी, आणि लग्नानंतर तपासाचं भांडवलही तीच. 1988च्या ‘सायलेन्स इन हॅनोव्हर क्लोज’मध्ये तर एमिलीच मोलकरणीचं सोंग घेऊन एका बड्या घरात नोकरीला राहते. दुसरीच्या झालरींना इस्त्री करायची वेळ आल्यावर तिला कळतं की आपल्या झालरी इतकी वर्षं आपोआप सरळ होत नव्हत्या.

भांडवल कुणी मोडून खात नाही. म्हणून अशा मालिकांचे लेखक ही दरी बुजवायला फारसे उत्सुक नसतात. नायकाला बढती द्यायची, पण हप्त्याहप्त्यानं. नायिकेच्या आईला नरम करायचं, पण पुरतं नाही. जावई सगळ्यांना पसंत पडला की त्या घरात शोधण्यासारखं फार काही उरत नाही.

दरी किती रुंद आहे हे आकड्यात सांगायचा प्रामाणिकपणा केला लिंड्से डेव्हिस यांनी. 1989च्या ‘द सिल्व्हर पिग्ज’पासून त्यांनी इसवीसन 70च्या आसपासचं रोम उभं केलं. फाल्को हा सामान्य वर्गातला खासगी हेर. अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवरच्या एका कळकट इमारतीत, खाली धोबीखाना आणि वर सहा मजले चढून गेल्यावर त्याची खोली. धोबीखान्यात कपडे उजळायला लघवीचे पिंप भरून ठेवलेले, त्यामुळे प्रियकराच्या घरची पहिली ओळख नाकालाच होते. हेलेना जस्टिना ही सिनेटरची मुलगी, घटस्फोटित, फटकळ आणि फाल्कोपेक्षा हुशार. ती हे जिने चढून येते. रोमन बांधकामाची एवढी सविस्तर माहिती मला कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकानं दिली नाही. प्रेयसीला धाप लागते तेव्हा मजले आपोआप मोजले जातात.

हेलेनाच्या घराला शोभेल असा जावई व्हायचं तर फाल्कोनं निदान ‘इक्वेस्ट्रियन’ वर्गात जायला हवं. त्यासाठी 4 लाख सेस्टर्सची मालमत्ता दाखवावी लागे. साध्या रोमन सैनिकाचा तेव्हाचा पगार वर्षाला 900 सेस्टर्स. म्हणजे प्रामाणिक माणसानं एक दमडीही खर्च न करता साठवले, तर चारशे चव्वेचाळीस वर्षांत हात पिवळे व्हायला हरकत नव्हती. फाल्को सम्राट व्हेस्पेशियनसाठी देशोदेशी जीव धोक्यात घालतो, पण हा सम्राट पक्का चिक्कू. त्यानं मुतारीवर कर बसवला, मुलानं नाक मुरडलं तेव्हा नाणं त्याच्या नाकाला लावलं, ही गोष्ट इतिहासातच आहे. पैसे जमतात तेव्हा राजपुत्र डोमिशियन अर्ज फेटाळतो. दरम्यान दोघं एकत्र राहू लागतात, मुलगी होते, आणि 1999च्या ‘वन व्हर्जिन टू मेनी’मध्ये एकदाचा दर्जा मिळतो. सोबत सरकारी पदही येतं: कॅपिटॉल टेकडीवर जुनोदेवीच्या पवित्र हंसांची आणि शकुन पाहायच्या कोंबड्यांची देखरेख. सासऱ्यानं सिनेटमध्ये जावयाचा हुद्दा कसा सांगितला असेल, याची मी पुष्कळदा कल्पना करते.

याच व्हेस्पेशियनची स्वतःची गोष्ट फाल्कोहून विलक्षण आहे, आणि ती कुणी रचलेली नाही. त्याची आयुष्यभराची सखी कॅनिस ही मुक्त केलेली गुलाम. राजघराण्यातल्या अँटोनियाची ती लेखनिक होती. बाईंनी एकदा तिच्याकडून अतिशय गुप्त पत्र लिहून घेतलं आणि लगेच पुसायला सांगितलं. तेव्हा, पाटीवरचं पुसून काय उपयोग, माझ्या डोक्यात सगळं लिहिलेलं राहतं, अशा अर्थाचं ती बोलली, असं इतिहासकार डिओ सांगतो. सिनेटरांनी मुक्त गुलामांशी लग्न करू नये हा ऑगस्टसचा कायदा इसवीसनपूर्व 18 पासूनचा. व्हेस्पेशियन सम्राट झाला तरी त्यानं तो मोडला नाही. बायको वारल्यावर कॅनिसला त्यानं जवळजवळ पत्नीसारखं ठेवलं, आणि ते ‘जवळजवळ’ कायम राहिलं. ती एकदा प्रवासाहून परतली आणि रिवाजाप्रमाणे डोमिशियनचा मुका घ्यायला पुढे झाली, तर त्या पोरानं तिच्यापुढे नुसता हात केला. सुएटोनियसनं हे एका वाक्यात उरकलंय, पण एवढ्या छोट्या कृतीत एखाद्याला त्याची पायरी दाखवणारा माणूस मी तरी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात पाहिला नाही. डेव्हिसबाईंनी कॅनिसवर फाल्कोच्याही आधी कादंबरी लिहिली होती; ती 1997 साली छापली गेली. फाल्कोचा अर्ज त्यांनी नेमका डोमिशियनच्याच हातून फेटाळला जाऊ दिला, यात लेखिकेनं जुना हिशेब चुकता केला असावा.

सगळेच लेखक इतके चिवट नसतात. सी. एस. हॅरिस यांच्या मालिकेत 1811च्या लंडनमधला तरुण उमराव आणि नाटकातली नटी यांचं प्रेम आता समाजाला भारी पडणार, असं वाटत असताना ती त्याचीच सावत्र बहीण निघते. पुढे केव्हातरी उलगडा होतो की तो मुळात त्या बापाचा मुलगाच नव्हे. पण तोवर ती दुसऱ्याची बायको झालेली असते आणि लवकरच तोही तोलामोलाच्या मुलीशी लग्न करतो. वर्गाचा प्रश्न रक्तावर ढकलला की लेखकाची सुटका होते. जॅकलीन विन्स्पिअर यांची मेझी डॉब्ज भाजीवाल्याची मुलगी. तेराव्या वर्षी लेडी रोवनच्या घरी मोलकरीण म्हणून लागते आणि रात्री चोरून वाचनालयात वाचताना पकडली जाते. हाकलून द्यायच्या ऐवजी बाईसाहेब तिला शिकवतात, थेट केंब्रिजपर्यंत. पुढे याच बाईसाहेबांच्या मुलाशी तिचं जमतं. केवढा अवघड संसार वाचायला मिळणार म्हणून मी सरसावून बसले, तर दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत लग्न झालेलं आणि नवरा विमान कोसळून गेलेलाही. ज्या घरात तिनं पहाटे उठून चुली पेटवल्या, तिथे सून म्हणून ती घंटा वाजवून चहा मागवू शकली असती का, हे मला फार विचारायचं होतं.

आपल्या मुंबईतही अशी एक मालिका घडते. सुजाता मॅसी यांच्या या मालिकेतल्या 2018च्या पहिल्या कादंबरीत 1921 साली मलबार हिलवर तीन विधवा पडद्यात राहतात. पुरुष वकिलाला आत शिरता येत नाही, म्हणून पारशी वकील परवीन मिस्त्री जाते. पुन्हा दाराचाच प्रश्न. तिच्यामागची प्रेरणा कॉर्नेलिया सोराबजी 1866 साली नाशिकला जन्मल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकणारी पहिली स्त्री ठरल्या. परवीनचा जीव पुढे सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यावर जडतो. पैशाअडक्यात मिस्त्री घराणं कुणाला हार जाणारं नाही. इथली दरी राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यातली आहे. त्यात परवीन नवऱ्यापासून फक्त विभक्त झालेली, पारशी कायद्यानं घटस्फोट मिळालेला नाही. दुसऱ्या एखाद्या नायिकेनं आशा धरली असती. हिला कलम पाठ आहे.

दूरच्या देशातल्या, गेलेल्या काळातल्या अशा लग्नांना अक्षता टाकताना आपला हात फार सढळ होतो. सिनेटरानं मुलगी द्यायला हवी होती, असं आपण ठणकावून म्हणतो. रविवारच्या पुरवणीतल्या लग्नाच्या जाहिरातींत मात्र ‘जातीची अट नाही’ या ओळीनंतर कंसात कुणाकुणाला ‘क्षमस्व’ म्हटलंय ते वाचत आपला चहा संपतो.

म्हणून मला पेरीबाईंची ग्रेसी सगळ्यांत आवडते. लिहिता-वाचता न येणारी ही पोर शार्लटकडे कामाला येते आणि तिच्याकडून अक्षरं शिकते. पिटचा सार्जंट टेलमन तिच्यावर भाळतो. हा बड्या लोकांचा कट्टर द्वेष्टा. दुसऱ्याच्या घरी राबणं ही गुलामी, असं तो तिला तिच्याच स्वयंपाकघरात बसून, तिनंच केलेला चहा पीत समजावतो. ग्रेसीचं म्हणणं असं की पोटाला दोन वेळा मिळतं, खोली उबदार आहे, आणि पोलिसाच्या घरची कामवाली म्हणून गल्लीत मान आहे. यात सोडवायचं काय? दोघंही एकाच थरातली, तरी या वादात वर्षं जातात. इथे मालमत्तेची अट नाही, सम्राटाची सही नको, कुणाची आई आडवी येत नाही. एकानं दुसऱ्याला खालचं समजणं बंद करायचं, एवढंच बाकी असतं, आणि त्याला सगळ्यांत जास्त पुस्तकं लागतात. या दोघांची वेगळी मालिका कुणी लिहिली तर मी पहिल्या दिवशी विकत घेईन. खून थोडा किरकोळ असला तरी चालेल.