अर्धा तांब्या पाणी

साखरशेत हे नाव ऐकून कुणी उसाचे मळे बघायला यायच्या विचारात असेल, तर त्याने जव्हारच्या एस.टी. स्टँडवरूनच परत फिरावं. इथे भात, नागली, वरई, उडीद. साखर दुकानातून येते, आणि चहात ती किती घालायची यावरून माझ्या बहिणीच्या घरी रोज एकदा वाजतं. बहीण साखरशेतला दिलेली. तिच्या मुलीचं लग्न मे महिन्यात झालं आणि त्या लग्नात गावात पहिल्यांदा चॉकलेटचं कारंजं वाहिलं. फार वेळ वाहिलं नाही, पण वाहिलं.

ही अक्कल भाच्याची. तो नाशिकला एका हॉटेलात कामाला आहे. तिकडे लॉनवरच्या लग्नात म्हणे जेवणाआधीच लोक या कारंज्याशी गर्दी करतात, काडीला फळ टोचतात, धारेखाली धरतात आणि फोटो काढतात.

"पण खायचं काय?" बहिणीने विचारलं.

"बुडवून खायचं, आई."

"मग आमटीला काय झालं?"

या प्रश्नाला हॉटेल मॅनेजमेंटच्या अभ्यासात उत्तर नसावं. भाचा गप्प बसला आणि दुसऱ्या दिवशी नाशिकहून कारंजं भाड्याने घेऊन आला. त्र्यंबक, तोरंगणचा घाट, मोखाडा अशी वाट. जीपच्या मधोमध कारंजं उभं, नव्या नवरीसारखं ओढणीत गुंडाळलेलं. सोबत चार किलो चॉकलेट. खऱ्या चॉकलेटातलं कोकोचं लोणी सुमारे ३४ अंशांना विरघळतं. आमचा मे महिना त्याच्या पुढे असतो. भाच्याने आणलेलं स्वस्तातलं कंपाउंड होतं, त्यात कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तेल. पण उन्हापुढे त्याचीही मिजास चालली नाही. मोखाडा यायच्या आत त्याने पिशवीचा आकार घेतला होता.

यंत्र मी आदल्या रात्री खोलून बघितलं. खाली तापणारी परात, मध्ये उभं नळकांडं, नळकांड्यात फिरणारा लांब स्क्रू. स्क्रू फिरला की चॉकलेट पिळत पिळत वर चढतं, टोकाशी बाहेर येतं आणि एकाखाली एक असलेल्या थाळ्यांवरून पडद्यासारखं खाली परातीत येतं. परत वर. याला आर्किमिडीजचा स्क्रू म्हणतात. जगात दोन हजार वर्षांहून जास्त काळ तो पाणी वर चढवतोय. आमच्या मोखाड्या-जव्हारच्या पाड्यांवर पावसाळ्यात छपरं उडतील इतका पाऊस, आणि मार्च उलटला की पाणी चढतं ते बाईच्या डोक्यावरच्या हंड्यातून. तो स्क्रू आमच्याकडे पोचला तो चॉकलेट चढवायला. असो. लग्नघर होतं.

सकाळी कळलं की कारंज्याला सपाटी लागते. केसभर जरी कललं तरी पडदा एका बाजूने फाटतो आणि दुसरीकडे नुसत्या धारा लागतात. आता बहिणीचं अंगण डोंगराच्या उतारावर. तिथे ठेवलेला लिंबूसुद्धा थेट शेजाऱ्याच्या गोठ्यात जातो. शेवटी नवरदेवाच्या चुलत्याला बोलावलं, तो गवंडी. त्याने पाण्याची नळी आणली, दोन टोकं धरायला दोन पोरं उभी केली, टेबलाच्या एका पायाखाली कौलाचा तुकडा आणि दुसऱ्याखाली चपटा दगड सरकवला, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, "आता यावर दुमजली बांधा."

मग बुडवायचं काय, हा प्रश्न. भाच्याच्या यादीत स्ट्रॉबेरी होती. मे महिन्यात स्ट्रॉबेरी म्हणजे श्रावणात करवंद. म्हणून करवंदंच घेतली. टोपलीभर करवंदं, केळी, काजू, आंब्याच्या फोडी. भाच्याने फर्मान काढलं: प्रत्येक करवंद पुसून कोरडं करायचं. पाण्याचा एक थेंब आत गेला तरी चॉकलेट नासतं. तेव्हा मंडपात जावयाला पाय पुसायला पंचा मिळेना, कारण तीन आत्या ओटीवर बसून करवंदांची अंगं पुसत होत्या. नातवंडांचीही इतक्या मायेने कधी पुसली नसतील.

लग्न लागलं. भिंतीवर पांढरा चौक लिहिलेला, लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी झाली, अक्षता पडल्या, आणि भाच्याने खटका दाबला.

खोटं कशाला सांगू, दिसलं सुंदर. तपकिरी, तलम, वळ्या पडलेला पडदा. मंडपात क्षणभर सगळे गप्प. मग एक पोरगं ओरडलं, "दाभोसा!" दाभोशाचा धबधबा आमच्या तालुक्याचा मानबिंदू, पण उन्हाळ्यात अंग चोरून असतो. त्या पोराने पुढे रास्त शंका काढली, "हा मे महिन्यातपण पडतो?"

गर्दी जमली, पण हात कुणी पुढे करेना. काडी धरायची कशी, थेंब पायजम्यावर पडला तर, सगळ्यांदेखत तोंड माखलं तर. ज्यांनी अख्खं आयुष्य भाकर कालवणात बुडवून काढलं, ती माणसं तिथे परीक्षेला बसल्यासारखी उभी होती. त्यात जनरेटर एकच. त्यावर डीजे आणि त्यावरच कारंजं. डीजेचा ठेका पडला की दाब उतरायचा आणि धबधबा बसायचा, ठेका सुटला की परत उसळायचा. नाचणाऱ्यांपेक्षा चॉकलेट तालात होतं.

अशात नवऱ्याकडचं आणखी एक जीपभर वऱ्हाड उतरलं. माझ्या मोठ्या मावशीने माणसं मोजली, परातीकडे बघितलं, "दाट झालंय गं" असं पुटपुटली आणि अर्धा तांब्या पाणी सरळ आत ओतलं.

मावशीचा दोष नाही. पन्नास वर्षं तिने हेच केलंय. पाहुणे वाढले की आमटीत पाणी, ही तिची स्वयंपाकाची पहिली ओळ. पण चॉकलेट म्हणजे तेलकट लोण्यात विखुरलेली कोरडी पूड. थोडं पाणी मिळालं की ती पूड ओलावते, तिचे कण एकमेकांना चिकटतात आणि तिची चिकणमाती होते. तशी ती झाली. पडदा जाडा झाला, मग त्याचे पोपडे पडले. स्क्रूने दोनदा "घर्र" केलं, म्हाताऱ्या बैलासारखा सुस्कारा टाकला आणि थांबला. नळकांड्याच्या टोकावर ढेकूळ तेवढं उभं राहिलं. भाच्याचा चेहरा मात्र पातळ झाला होता.

"आता काय?" मी विचारलं.

"अजून पाणी," मावशी म्हणाली.

सगळे तिच्यावर ओरडले. पण शास्त्र मावशीच्या बाजूने होतं. थेंबाने चॉकलेट आवळतं. पण गरम पाणी किंवा दूध थोडं थोडं घालून घोटत राहिलं तर पूड त्यात नीट मिसळते आणि माती सुटून छान रस होतो. कारंज्यात तो चालत नाही, खायला उत्तम. मावशीचं चुकलं ते एवढंच, की पाणी कमी घातलं.

ढेकळं पातेल्यात काढली, पातेलं चुलीवर गेलं, निखारे मागे ओढले, मावशीने आमटीच्या पळीने गरम दूध ओतत घोटायला घेतलं. पंधरा मिनिटांत पातेलं अंगणात, खाली, गोणपाटावर. त्याच्या भोवती माणसं आपोआप गोल बसली. धवलेरीने पहिला हात घातला. काडी-बिडी नाही, नागलीच्या सकाळच्या भाकरीचा तुकडा. तिने तो बुडवला, चावला, विचार केला आणि म्हणाली, "मीठ लागंल." चिमूटभर पडलं. खरंच लागत होतं.

तेव्हा भाच्याला कंठ फुटला. म्हणे, मामा, हेच खरं फॉन्ड्यू! फॉन्ड्यू म्हणजे फ्रेंचमध्ये विरघळलेलं. स्वित्झर्लंडच्या लोकांचं खाणं. पातेल्यात चीज वितळवायचं, त्यात पावाचा तुकडा बुडवायचा. पावही आदल्या दिवसाचा बरा, ताजा काट्यावर टिकत नाही. १९३०च्या दशकात तिथल्या चीज विकणाऱ्यांच्या संघाने त्याचा इतका गाजावाजा केला की ते देशाचं खाणं होऊन बसलं. चॉकलेटचं फॉन्ड्यू त्यानंतरचं, १९६०च्या दशकातलं, न्यूयॉर्कमधल्या 'शाले स्विस' हॉटेलच्या कोनराड एग्लींच्या नावावर.

"म्हणजे शिळी भाकर आणि कालवण," बहीण म्हणाली. "त्याला नाशिकहून जीप कशाला?"

स्वित्झर्लंडवाल्यांत ज्याचा तुकडा पातेल्यात पडेल त्याला दंड असतो, असंही भाच्याने सांगितलं. हे मात्र सगळ्यांना पटलं. दंड ठरला गाण्याचा. जनरेटरचं डिझेल संपून डीजे आधीच बंद पडला होता. पहिला तुकडा गवंड्याचा पडला, दुसरा नवरदेवाचा. तिसऱ्यापासून पोरं मुद्दाम पाडायला लागली. करवंदं कुणी विचारली नाहीत; ती पुसलेली, चकचकीत, टोपलीत तशीच राहिली.

कारंजं दुसऱ्या दिवशी हातपंपाखाली धुतलं. स्क्रूच्या वळ्यांतून बाभळीच्या काट्याने चॉकलेट उकरायला चार पोरं दुपारपर्यंत बसली, आणि उकरलेलं वाया गेलं नाही. भाच्याने कारंजं ओढणीत गुंडाळून परत नेलं. भाड्याने देणाऱ्याने झाकण उघडलं, नळकांड्याला नाक लावलं, बराच वेळ तसाच राहिला आणि मग म्हणाला, "बाकी सगळं ठीक आहे. पण याला हिंगाचा वास कसा?"