साहस हवं, पण डांबरी

आमच्या भाच्यानं ऐन दिवाळीत आपली मोटारसायकल विकली. गाडी उत्तम चालू होती, हप्तेही फिटले होते. कारण विचारलं तर म्हणाला, "मामा, नवीन येतेय."

"कधी?"

"ते कंपनी सांगत नाही."

"केवढ्याला?"

"तेही नाही."

"मग येतेय हे तुला कुणी सांगितलं?"

यावर त्यानं मोबाइल पुढं केला. कुणीतरी चालत्या मोटारीच्या काचेतून, मागून काढलेला फोटो होता. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेली एक मोटारसायकल आणि वर कोपऱ्यात मोटारीचा वायपर. मला वायपरच काय तो स्पष्ट दिसला. भाचा मात्र सोनोग्राफीच्या कागदात नातवाचं नाक ओळखणाऱ्या आजीच्या तन्मयतेनं बोलत होता. "हे पुढचं चाक बघ. एकोणीस इंची आहे. एकवीस नाही!" त्याचा कंठ दाटून आला होता.

या दोन इंचांत काय दडलंय ते समजायला मला पुढचे तीन रविवार लागले. भाच्याच्या गटाबरोबर मी मिसळीला जातो. पहाटे साडेपाचला चांदणी चौक, मग ताम्हिणीच्या वाटेवर नाश्ता, साडेनवाला परत. एवढ्यासाठी गुडघ्यांना ढाली, कोपरांना ढाली, छातीला ढाल. तर सांगायचं म्हणजे, एकवीस इंची चाक दगडधोंड्यांवरून सहज चढतं, पण घाटातल्या वळणावर झुकायला आळस करतं. एकोणीस इंची चटकन वळतं. त्याला ॲलॉय जोडलं की टायर ट्यूबलेस होतं, मग पंक्चर झालं तर चाक न खोलता दोरीचा तुकडा कोंबला की निघालात. ज्यांनी ट्यूबवाल्या टायरसकट भर उन्हात गाडी ढकलली आहे, त्यांच्या लेखी हा शोध अग्नीच्या शोधानंतरचाच. याला म्हणायचं रोड-फोकस्ड ॲडव्हेंचर टूरर. म्हणजे दिसायला हिमालयात निघालेली आणि मनानं डांबरावर राहणारी.

या जातीची आद्य गाडी म्हणतात ती १९८० सालची जर्मन बीएमडब्ल्यू, आर ८० जी/एस. त्यातला जी म्हणजे रान आणि एस म्हणजे रस्ता. जर्मन माणूस शिस्तीचा, म्हणून त्यानं मधे तिरकी रेघ मारली, इकडं रान, तिकडं रस्ता. ही रेघ आपल्याकडं पोचता पोचता पुसली गेली. २००४ मध्ये इवान मॅक्ग्रेगर हा नट याच घराण्यातल्या मोटारसायकलवर लंडनहून पूर्वेकडून न्यूयॉर्कला गेला, आणि तेव्हापासून ॲल्युमिनियमच्या पेट्या लावून कॉफी प्यायला जाण्याला जगभर प्रतिष्ठा आली. आपल्याकडं २०१६ मध्ये ४११ सीसीची हिमालयन आली. २०२३ च्या अखेरीस ती ४५२ सीसीची झाली आणि पुढं एकवीस इंची चाकच राहिलं. आता कुजबुज साडेसातशेची आहे. अफवा असल्यामुळं तिच्यात अजून एकही दोष सापडलेला नाही.

मिसळीच्या टेबलावर अपेक्षांची यादी झाली, ती मी ऐकली. वजन कमी हवं, पण शेजारून ट्रक गेला तर हलता कामा नये. ताकद अशी की सहाव्या गिअरमध्येच घाट चढावा, आणि ॲव्हरेज पस्तीसच्या खाली नको. सीट उंच हवी, फोटोत बरी दिसते. पण पाय टेकले पाहिजेत. हे शेवटचं वाक्य म्हणणारा गृहस्थ माझ्याच उंचीचा, पाच फूट चार इंच. सध्याच्या गाडीवर तो सिग्नलला एका अंगठ्यावर उभा राहतो, आणि हिरवा दिवा लागेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर भाव असा असतो की मागचा माणूस हॉर्न वाजवायला धजत नाही. विंडस्क्रीन मोठी हवी, क्रूझ कंट्रोल हवा, सर्व्हिस सेंटर तालुक्याला हवं. आणि किंमत? "तीनच्या आत." माझी बहीण मुलासाठी स्थळ बघते तेव्हा तिची यादी याहून छोटी असते.

किमतीवरून आठवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्या मोटारसायकलीला ४०. गोड सोड्याच्या बाटल्या, मोठ्या मोटारी आणि आमचा भाचा एकाच पंगतीत जेवायला बसलेत. तेव्हा गाडीची 'ऑन रोड' किंमत जबरदस्त असणार यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की ऑन कोणत्या रोड?

कारण यादीत रस्ता कुणीच घेतला नव्हता. मी भीत भीत विचारलं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग? दुचाकीला बंदी. समृद्धी, ७०१ किलोमीटर सरळसोट सिमेंट, जिथं क्रूझ कंट्रोल लावून माणूस डुलकी काढेल? बंदी. अटल सेतू? बंदी. मुंबईचा किनारी रस्ता? तिथंही बंदी. वेगाची आणि सुरक्षिततेची कारणं दिलेली आहेत आणि ती काही खोटी नाहीत. पण हिशेब असा पडतो, की महाराष्ट्रात जो रस्ता रस्त्यासारखा आहे तिथं दुचाकी चालत नाही, आणि दुचाकी चालते तिथं रस्ता कुठं आहे ते विचारावं लागतं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून सुरू आहे. एका वळणावर गुळगुळीत काँक्रीट, पुढच्या वळणावर 'डायव्हर्जन'ची पाटी, त्यानंतर खडी, चिखल आणि निवांत बसलेली म्हैस. जर्मनांची ती तिरकी रेघ गेली कुठं, तर इथं.

"म्हणजे तुम्हाला एकवीस इंचीच चाक लागणार," मी म्हणालो. टेबलावर शांतता पसरली. कुणीतरी मिसळीत उगाच तर्री वाढवून घेतली.

"रस्ता येत्या गणपतीपर्यंत पूर्ण होतोय," भाचा म्हणाला.

"आणि गाडी?"

"गणपतीपर्यंत."

तेवढ्यात बाहेरून एक जुनी शंभर सीसीची गाडी आली. मागं दोन्ही बाजूंना दुधाचे मोठे कॅन, हँडलला तिसरी किटली, टायर गुळगुळीत, आरसा एकच. आमच्या गटाच्या ढालीवाल्या गाड्या फोटोसाठी रस्त्यात तिरक्या लावलेल्या होत्या, त्यामुळं तिला वाट नव्हती. दूधवाला थांबला. आमचे सगळे मोबाइलवर वाकलेले बघून त्यानंही मान लांब करून फोटो पाहिला.

"ही काय, पोत्यात घातलेली?"

"नवीन येतेय," भाचा म्हणाला.

"येऊ द्या की. पण आधी ह्या हलवा, दूध नासंल."

गाड्या हलवल्या गेल्या. भाच्याला काही हलवायचं नव्हतं. तो दिवाळीपासून आईच्या स्कूटरवर येतो. ती कडेला झाडाखाली, जरा लांबच लावलेली असते. साडेनवाला ताईचा फोन आला, येताना दोन जुड्या मेथी आण म्हणून. त्यानं ढाली काढून डिकीत कोंबल्या, मेथी मावेना म्हणून परत घातल्या, आणि निघाला.