घरातल्या व्यापाऱ्यास खुले पत्र

चि. बाबू,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसतात, पुढे काही येत नाही. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत ज्या कोणाच्या दुकानात, पेटीत किंवा मनगटावर आज बाबांचं घड्याळ असेल, त्यानंही हे वाचावं. तुझं नाव लिहीत नाही. ते आईकडे बघून, तुझ्याकडे बघून नाही.

बाबांची तेरवी झाली, पाहुणे गेले आणि कपाटातली पत्र्याची डबी रिकामी झाली. विचारलं तर म्हणालास, "ते तं बंदच होतं ना ताई. हजार रुपये देत होता, देऊन टाकलं." कोण देत होता? "आला होता एक जण."

नाकेदाराचा पोरगा आहेस तू. आलापल्लीच्या जंगलात हेच उत्तर बाबांनी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! तेवढ्यावर त्यांनी एकालाही सोडलेलं नाही. साग तोडला की थुटावर हातोड्याची खूण, ओंडक्यावर तीच खूण आणि गाडीसोबत वाहतूक परवाना. हे जुळलं तरच गाडी नाक्यापुढे जायची. नाही जुळलं तर माल खाली आणि पंचनामा सुरू: कुठून आणलं, कोणी दिलं, कोणाकडे चाललं होतं, किती वाजता धरलं. ती वेळ ते याच घड्याळात बघून लिहायचे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडांखाली आग लागून जंगल पेटलं, की वणवा दिसल्याची आणि विझल्याची वेळही यातलीच. अशा माणसाच्या घरातून त्याचीच वस्तू पावतीशिवाय, पत्त्याशिवाय बाहेर गेली. नेणारा अनोळखी आणि देणारा त्याचा मुलगा.

आता "बंद होतं" याबद्दल. बाबू, ते चावीचं घड्याळ आहे. चावी दिली नाही तर दीड दिवसात थांबतं. बाबा रोज सकाळी चहाआधी कानाजवळ धरून चावी द्यायचे, हे तू लहानपणापासून बघितलंस. शेवटचे दिवस ते नागपूरच्या दवाखान्यात होते. चावी कोण देणार होतं? बिघाड कसलाच नव्हता. चावीचं डोकं अंगठ्यानं दहा-बारा वेळा फिरवलं असतंस तर तुझ्या हातात टिकटिक सुरू झाली असती. तू तेवढंही केलं नाहीस.

ज्यांना ते ओळखायचं आहे त्यांच्यासाठी वर्णन देते. एचएमटी जनता. गोल पोलादी केस. तबकडी पांढरी होती, आता सायीसारखी पिवळसर. त्यावर 'जनता' हा शब्द देवनागरीत. चारच्या आकड्याजवळ काचेवर आडवा ओरखडा आहे, बाबा बांबूच्या काटवणात पडले तेव्हाचा. डावीकडे पट्टा अडकवायचा खालचा कान थोडा झिजलेला. सगळ्यात महत्त्वाचं आहे ते मागच्या झाकणाच्या आत. घड्याळ उघडून साफ केलं की जुने घड्याळजी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपली बारीक खूण आणि तारीख कोरतात. बाबांच्या घड्याळात अशा खुणांची ओळच आहे. शेवटची गडचिरोलीच्या घड्याळजींची. मी त्यांच्याकडे जाऊन आले. ते म्हणाले, "झाकण उघडून माझ्यासमोर ठेवा, मी एका नजरेत सांगतो." थुटावरची खूण जशी पुसता येत नाही, तशीच ही.

आजोबांनी ते बल्लारपूरच्या कागद कारखान्यातल्या पगारातून घेतलं आणि बाबा वन खात्यात लागले त्या दिवशी त्यांच्या मनगटावर बांधलं. तेव्हा गडचिरोली जिल्हासुद्धा नव्हता. 26 ऑगस्ट 1982 ला तो चंद्रपुरातून वेगळा झाला. एचएमटीनं 1961 मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं घड्याळं बनवायला सुरुवात केली, तेव्हा गिरणीतल्या, शाळेतल्या, जंगलातल्या माणसाला परवडेल असं देशी घड्याळ पहिल्यांदा हाती आलं. 2016 मध्ये केंद्र सरकारनं हा घड्याळांचा धंदा गुंडाळायचा निर्णय घेतला. जनता, पायलट, सोना, कांचन या जुन्या घड्याळांना शौकीन शोधत फिरू लागले ते त्याच सुमारास. तुझ्या दारात आलेला "एक जण" वाट चुकून आलेला नव्हता. त्याला ठाऊक होतं आपण काय उचलतोय. तुला नव्हतं, आणि तू विचारलंही नाहीस.

माझी घाई का आहे तेही ऐक. ही जुनी घड्याळं व्यापाऱ्याच्या हाती गेली की पुष्कळदा अख्खी राहत नाहीत. जुनी तबकडी घासून पुसतात, वर भडक निळा नाहीतर लाल रंग चढवतात, एकाचं यंत्र दुसऱ्याच्या केसमध्ये बसवतात, काटे तिसऱ्याचे लावतात आणि 'नव्यासारखं जुनं' म्हणून ऑनलाइन विकतात. बाबांच्या घड्याळाचं असं झालं तर झाकण एका गावाला आणि तबकडी दुसऱ्या गावाला. मग जगातला कोणताही घड्याळजी ते ओळखू शकणार नाही. तू गप्प बसतोस त्या प्रत्येक दिवशी ही शक्यता वाढते. विकलंस हा राग माझ्या मनात आहेच. पण विकत घेणाऱ्याचं नाव दाबून ठेवतोस, याचा राग त्याहून मोठा आहे, कारण पहिली गोष्ट अजून दुरुस्त होऊ शकते.

शेवटच्या फोनवर तू एक वाक्य बोललास: "लग्न होऊन चंद्रपूरला गेलीस, तुला काय करायचं घड्याळ?" हे वाक्य मी विसरणार नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र नसलेल्या बापाची बायको, मुलगा आणि मुलगी पहिल्या वर्गाचे वारस आहेत, सारख्या वाट्याचे. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. म्हणजे त्या घड्याळात आईचा एक वाटा, माझा एक, तुझा एक. आई बाजूच्या खोलीत बसली होती. तिला विचारायला तुला उंबरा ओलांडायचा होता, तेवढाच. 1930 चा मालविक्रीचा कायदा सांगतो की मालक नसलेल्यानं, मालकाच्या संमतीविना विकलेल्या मालावर घेणाऱ्याला विकणाऱ्यापेक्षा जास्त हक्क मिळत नाही. आमचे दोन वाटे विकायचा अधिकार तुला नव्हता. आणि पैशानं भरून न निघणारी नेमकी तीच वस्तू परत मागायची वाट 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टमध्ये आहे. मला कोर्टाची पायरी चढायची नाही. पण 'गेलं ते गेलं' हे तू आईला सांगतोस, ते खोटं आहे.

वस्तू घराबाहेर पडली की पुढे काय होतं, तेही बघ. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार 2025 मध्ये लंडनला लिलावात निघाली. ती परत आणायला महाराष्ट्र सरकारला 47 लाख 15 हजार रुपये मोजावे लागले. गांधीजींचं खिशातलं घड्याळ, चष्मा, चपला 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 18 लाख डॉलरना गेल्या. आपल्या बाबांसाठी कुठलं सरकार बोली लावणार नाही. आपण तिघंच आहोत. त्याच गांधीजींचं घड्याळ एकदा रेल्वेत चोरीला गेलं होतं, ते चोरानं पुढे स्वतः येऊन परत दिलं आणि माफी मागितली. परक्या चोराला जे जमलं, ते तुला जमत नाही?

विकत घेतलेल्या गृहस्थांनो, तुमच्याशी माझं भांडण नाही. तुम्ही पैसे मोजलेत. ते मी देईन, वर तुमचा जाण्यायेण्याचा आणि मेहनतीचा खर्चही देईन. एकच विनंती: तबकडीला हात लावू नका, झाकण बदलू नका. हा अंक ज्या दुकानात मिळाला तिथे निरोप ठेवा.

आणि बाबू, तुझ्याकडून माफीचं पत्र मला नको. आईसमोर रडूही नकोस. त्या माणसाचं नाव, गाव आणि फोन नंबर एवढं मेसेजवर टाक. नंबर नसेल तर तो कोणत्या गाडीनं आला, वडसाकडून की चामोर्शीकडून, सोबत कोण होतं, ऑनलाइन पैसे दिले की रोख, हे लिही. ऑनलाइन दिले असतील तर त्याचं नाव तुझ्या फोनमध्ये आत्ता या क्षणी आहे. बघ आणि पाठव. रविवारी मी गडचिरोलीला येते आहे. त्याच्या दारापर्यंत माझ्यासोबत तूही चलायचं आहेस.

ताई