यंदाचं काही खरं नाही

पिट्सबर्ग पायरेट्स हा अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातला व्यावसायिक बेसबॉल संघ. पहिला हंगाम 1882. वर्ल्ड सिरीज हे अजिंक्यपद जिंकल्याची वर्षं पाच : 1909, 1925, 1960, 1971 आणि 1979. सहावं वर्ष लिहिण्यासाठी जागा 1979 पासून मोकळी आहे. या संघाच्या चाहत्याला पुढच्या हंगामाविषयी विचारलं, तर उत्तराचा मथितार्थ एकच असतो : यंदाचं काही खरं नाही. हे उत्तर डिसेंबरात मिळतं, मार्चमध्ये मिळतं आणि पहिले चार सामने ओळीने जिंकल्यावर जास्त ठामपणे मिळतं. पिट्सबर्गमध्ये पाहण्यासारखं बरंच आहे, पण हा निराशावाद बघायला तिकीट लागत नाही आणि तो बाराही महिने खुला असतो.

विमानतळ शहराच्या पश्चिमेला आहे. तिथून येणारा रस्ता फोर्ट पिट नावाच्या सुमारे एक किलोमीटर लांबीच्या बोगद्यात शिरतो आणि बाहेर पडतो तो थेट पुलावर. डोळ्यांपुढे एकदम सगळं शहर येतं : अ‍ॅलेघेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्यांचा संगम, तिथून निघणारी ओहायो, मध्ये उंच इमारतींचं टोक आणि जिकडेतिकडे पिवळे पूल. डाव्या हाताला पलीकडच्या काठावर दोन स्टेडियम आहेत. पहिलं अमेरिकन फुटबॉलच्या स्टीलर्सचं. त्यांच्याकडे सहा सुपर बोल आहेत. आइस हॉकी खेळणाऱ्या पेंग्विन्सकडे पाच स्टॅनली कप आहेत. त्यांचं मैदान शहराच्या दुसऱ्या भागात. तिन्ही संघांचे रंग एकच, काळा आणि सोनेरी. त्यामुळे रस्त्यात काळी-पिवळी टोपी दिसली तरी खालचा माणूस सुखी आहे की दुःखी, हे टोपीवरची खूण पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. नुसता ‘पी’ असेल तर प्रवाशाने हवापाण्याविषयी बोलावं.

दुसरं स्टेडियम म्हणजे पायरेट्सचं पीएनसी पार्क. तिथे जायला डाउनटाउनमधून नदीखालून जाणारी ट्राम आहे आणि तेवढ्या पट्ट्यात ती फुकट आहे. (फुकट नेणारे परत आणण्याचेही पैसे घेत नाहीत, सामना पाहिल्यावर हे सौजन्य विशेष जाणवतं.) तरी चालत जाणंच बरं. सामन्याच्या दिवशी रोबेर्तो क्लेमेंते पूल वाहनांना बंद असतो आणि माणसं हमरस्त्याच्या मधोमध रमतगमत चालतात. क्लेमेंते हा पोर्तो रिकोचा खेळाडू, या शहराचं दैवत. कारकिर्दीत बरोबर 3,000 हिट. 31 डिसेंबर 1972 रोजी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान समुद्रात कोसळलं आणि तो गेला. त्याचा क्रमांक 21, म्हणून स्टेडियमची उजवीकडची भिंत 21 फूट उंच आहे. 2025 मध्ये याच भिंतीवरची त्याच्या क्रमांकाची खूण काढून तिथे दारूच्या एका ब्रँडची जाहिरात लावली गेली. क्लेमेंतेच्या मुलाने आणि चाहत्यांनी आवाज उठवल्यावर ती खूण परत आली. त्याच महिन्यात, स्टेडियमबाहेर आपली नावं कोरून घेण्यासाठी चाहत्यांनी पैसे भरून बसवलेल्या विटा भंगाराच्या ढिगात सापडल्या. निराशावाद्याचं म्हणणं असं, की खेळाडू विकून झाल्यावर वीट हीच पुढची पायरी होती.

पीएनसी पार्क अमेरिकेतल्या सर्वांत देखण्या बेसबॉल मैदानांत गणलं जातं, आणि ते खरंच देखणं आहे. पिवळसर चुनखडीचं बांधकाम, बेताची उंची, मैदानापलीकडे नदी, नदीपलीकडे पूल आणि संध्याकाळी उजळणाऱ्या इमारती. प्रेक्षकाची नजर आपोआप खेळावरून उचलली जाते, आणि बहुतेक संध्याकाळी तेच हिताचं असतं. इथला चाहता मात्र या सौंदर्याकडे संशयाने पाहतो. देखाव्यासाठी माणसं येणारच, मग संघ चांगला करायची घाई कोणाला, असा त्याचा हिशेब आहे. शिवाय मैदानाची पत्रिका पहिल्या दिवसापासून ठरली. 9 एप्रिल 2001 ला पहिला अधिकृत सामना होता. त्याच दिवशी पहाटे 1979 च्या विजयाचा नायक विली स्टारजेल वारला, आणि पायरेट्स तो सामना सिनसिनाटीकडून 8-2 असे हरले. त्या हंगामात 62 विजय, 100 पराभव. मैदानातून टोलवलेला चेंडू टप्पा न पडता थेट नदीत गेला, असं पहिल्यांदा घडलं 2002 च्या जुलैमध्ये. टोलवणारा डॅरिल वॉर्ड ह्यूस्टनचा. यजमान खेळाडूने तोच पराक्रम करेपर्यंत 2013 उजाडलं.

बाहेर चार पुतळे आहेत : होनस वॅग्नर, क्लेमेंते, स्टारजेल आणि बिल मॅझेरोस्की. मॅझेरोस्कीने 13 ऑक्टोबर 1960 ला सातव्या सामन्याच्या शेवटच्या डावात होम रन मारून बलाढ्य न्यू यॉर्क यँकीजना 10-9 असं हरवलं. यँकीजच्या सात सामन्यांत मिळून 55 धावा होत्या आणि पायरेट्सच्या 27; तरी करंडक पिट्सबर्गला आला. मॅझेरोस्कीचा पुतळा बसला 2010 साली, म्हणजे संघाने 105 सामने हरण्याच्या मोसमात. तो सामना जिथे झाला त्या फोर्ब्ज फील्डच्या भिंतीचा तुकडा ओकलंड भागात, विद्यापीठाच्या आवारात, अजून उभा आहे. शेजारच्या पोझवार हॉलच्या जमिनीत काचेखाली होम प्लेटही दाखवतात. दरवर्षी 13 ऑक्टोबरला चाहते भिंतीपाशी जमतात आणि त्या सामन्याचं जुनं रेडिओ समालोचन अशा बेताने लावतात, की होम रन दुपारी 3 वाजून 36 मिनिटांनी, मूळ वेळेलाच व्हावी. निकाल माहीत असलेला सामना हाच काय तो इथे निर्धास्तपणे ऐकता येतो. तारीखही सोयीची आहे. ऑक्टोबरात बाद फेरीचे सामने असतात, त्यामुळे पायरेट्सचे चाहते मोकळे असतात.

निराशावादाचा उगम मात्र पिट्सबर्गमध्ये नाही, अटलांटात आहे. 14 ऑक्टोबर 1992. वर्ल्ड सिरीजमध्ये जाण्यासाठीचा सातवा, निर्णायक सामना. शेवटच्या डावाआधी पायरेट्स 2-0 ने पुढे. मग घसरण सुरू झाली आणि दोन गडी बाद असताना अटलांटाने फ्रान्सिस्को काब्रेरा नावाचा, फारसा कोणाला ठाऊक नसलेला बदली फलंदाज पाठवला. त्याने डावीकडे फटका मारला. दुसऱ्या तळावरून धावत निघाला सिड ब्रीम : गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेला, गतीसाठी अजिबात प्रसिद्ध नसलेला, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत पायरेट्सचाच खेळाडू. पायरेट्सच्या बॅरी बाँड्सचा थ्रो जरासा बाजूला आला, ब्रीम घसरत पोचला, 3-2. बाँड्स त्याच हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तो थ्रो दोन फूट डावीकडे पडता तर काय, या विषयावर पिट्सबर्गच्या बारमध्ये अजूनही परिसंवाद होऊ शकतो.

त्यानंतर 1993 ते 2012 असे सलग 20 हंगाम संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त राहिले. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत एवढी अखंड साधना दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही. बेसबॉलच्या हंगामात 162 सामने असतात. फुटबॉलसारखं आठवड्यातून एकदा हरून मोकळं होता येत नाही, जवळजवळ रोज हजेरी लावावी लागते. 1993 मध्ये जन्मलेलं मूल मतदार झालं, तरी विजयी हंगाम म्हणजे काय हे त्याला वडीलधाऱ्यांकडूनच ऐकावं लागत होतं.

या वीस वर्षांतली सर्वांत वाईट कोणती, असं विचारलं तर परका माणूस 2010 चं नाव घेईल, कारण आकडे तसे आहेत : 57 विजय, 105 पराभव. जाणकार चाहता 2011 आणि 2012 म्हणतो. 2010 ने कोणाला फसवलं नव्हतं. 2011 च्या जुलैत संघ चक्क गटात आघाडीच्या आसपास होता. मग अटलांटात (पुन्हा अटलांटाच) एक सामना 19 डाव लांबला, मध्यरात्र कधीच उलटून गेली आणि होम प्लेटपाशी बाद वाटणाऱ्या धावपटूला पंच जेरी मील्सनी नाबाद ठरवलं. निर्णय चुकल्याचं नंतर मान्य झालं. निकाल बदलला नाही. हंगाम 90 पराभवांवर थांबला. 2012 मध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला संघ पराभवांपेक्षा 16 विजयांनी पुढे होता. उरलेल्या काळात निम्मे सामने जिंकले असते तरी भागलं असतं. शेवटी 79 विजय, 83 पराभव. अशा रीतीने पिट्सबर्गच्या चाहत्याला दगा नेहमी आशेने दिला आहे, पराभवाने नाही. पराभव वक्तशीर असतो. आशा ऑगस्टपर्यंत थांबते.

2013 ते 2015 हा अपवादाचा काळ. 1 ऑक्टोबर 2013 च्या रात्री बाद फेरीच्या सामन्यात प्रेक्षकांनी सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटोच्या नावाचा असा गजर केला, की त्याच्या हातून चेंडू निसटला आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारली. पुढची दोन्ही वर्षं मात्र एकेका बाद सामन्यात संपली : आधी प्रतिस्पर्धी पिचर मॅडिसन बमगार्नर, मग जेक अ‍ॅरिएटा. दोन्ही सामन्यांत मिळून पायरेट्सची धावसंख्या शून्य. 2018 च्या जानेवारीत पिचर गेरिट कोल आणि लाडका अँड्र्यू मॅकचन, दोघंही दुसऱ्या संघांना देण्यात आले. 1993 ते 2025 या 33 हंगामांत विजयी हंगाम चार.

कारणांची चर्चा पैशापाशी येऊन थांबते. अमेरिकी बेसबॉलमध्ये खेळाडूंच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा नाही. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी 2023 च्या डिसेंबरात एकट्या शोहेई ओतानीशी दहा वर्षांचा 70 कोटी डॉलरचा करार केला. त्याच वर्षी पायरेट्सनी आपला तोपर्यंतचा सर्वांत मोठा करार केला : ब्रायन रेनल्ड्स, आठ वर्षं, सुमारे 10 कोटी 67 लाख. लहान शहर, लहान कमाई, ही मालकांची बाजू. 2007 पासून संघाची सूत्रं बॉब नटिंग यांच्याकडे आहेत आणि ‘संघ विका’ ही घोषणा स्टेडियममध्ये इतकी रुळली आहे, की नवख्या प्रवाशाला ती संघाचीच आरोळी वाटते. 2025 मध्ये हीच मागणी फडकवणारं विमानही मैदानावरून फिरलं.

या सगळ्यात पॉल स्कीन्सचं काय करायचं, हा निराशावाद्यापुढचा कठीण प्रश्न आहे. 2023 मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत हा पिचर पहिल्या क्रमांकाने मिळाला, 2024 ला सर्वोत्तम नवोदित ठरला आणि 2025 ला सर्व मतदारांच्या एकमताने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला. नऊ डावांमागे त्याने सरासरी 1.97 धावा दिल्या. त्याच्या नावावरचे विजय 10. पराभवही 10. त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये सर्वांत कमी होम रन पायरेट्सच्या होत्या. पिचरने दोनच धावा देणं पुरत नाही, आपल्या बाजूने तीन तरी व्हाव्या लागतात. संघ 91 सामने हरला. स्कीन्स 2029 पर्यंत क्लबच्या ताब्यात आहे, हे आशावादी सांगतो. निराशावादीही हेच सांगतो, फक्त ‘पर्यंत’वर जोर देऊन.

प्रत्यक्ष सामन्यात प्रवाशाचे हाल होत नाहीत. प्रिमँटी ब्रदर्सचं सँडविच मिळतं. त्यात बटाट्याचे फिंगर चिप्स आणि कोबीची कोशिंबीर बाजूला न देता आतच कोंबलेली असते. पाचव्या डावाच्या मध्यंतरात पिरोगींची शर्यत होते. पिरोगी म्हणजे पोलिश लोकांची उकडलेली, खारी करंजी. तिची सोंगं घेतलेली माणसं मैदानाच्या कडेने धावतात. प्रेक्षक बाकड्यांवर उभे राहून ओरडतात, कारण या मैदानावर पिट्सबर्गचंच कोणीतरी जिंकणार याची खात्री असलेली ही एकमेव स्पर्धा आहे. आतषबाजीच्या किंवा मान डोलावणाऱ्या बाहुल्या वाटण्याच्या दिवशी गर्दी उसळते. बाहुलीची मान हो म्हणते की नाही, हे नीट पाहूनही कळत नाही.

पुढच्या हंगामाचं भाकीत ऐकायचं असेल तर मार्चमध्ये फ्लोरिडात ब्रेडंटनला जावं. 1969 पासून संघाचा वसंत सराव तिथे होतो. मैदान 1923 चं, ऊन कोवळं, तिकीट सोपं. सरावातले निकाल गुणतक्त्यात धरत नाहीत, त्यामुळे संघ हरला तर चाहता मान डोलावतो आणि जिंकला तर गंभीर होतो. भारतीय प्रवाशाला या गावात आणखी एक कुतूहल आहे. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून निवडले गेले आणि 2008 च्या नोव्हेंबरात पायरेट्सनीच त्यांना करारबद्ध केलं आणि पुढे इथे सरावाला आणलं. आयुष्यात कधी बेसबॉल न खेळलेल्या दोघांना घेणं, हे सोळा हंगाम सलग हरलेल्या क्लबला वाटतं तितकं धाडसाचं नव्हतं. पुढे त्यांच्यावर डिस्नेने चित्रपट काढला. दोघांपैकी कोणीही पीएनसी पार्कच्या मुख्य संघापर्यंत पोचला नाही, आणि रिंकू व्यावसायिक कुस्तीत गेला. नवस बोलायचा असेल तर ब्रेडंटनला थांबायचं कारण नाही. पिट्सबर्गजवळच्या पेन हिल्समध्ये वेंकटेश्वराचं जुनं, मोठं मंदिर आहे.

पिट्सबर्गला जाण्यासाठी मे आणि जून चांगले. एप्रिलमध्ये थंडी असते आणि आशा असते. दोन्हींचा त्रास होतो. जुलैच्या अखेरीच्या सुमारास खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. 2025 मध्ये या मुदतीत, त्याच परिसरात वाढलेला डेव्हिड बेडनार यँकीजकडे गेला. त्यामुळे दुकानात जर्सी घेताना त्या आठवड्यात चालू खेळाडूंच्या नावाची घेऊ नये. विक्रेतेही आडून तेच सुचवतात. क्लेमेंतेची 21 क्रमांकाची घ्यावी. तो खेळाडू संघाला विकता येत नाही.