धुरातून न्याय : नवशिक्यांसाठी

अभिनंदन! तुमची नेमणूक फुटबॉल सामन्याच्या बंदोबस्तावर झाली आहे. तुम्ही पोलीस असाल, क्लबचे सुरक्षा अधिकारी असाल किंवा महासंघाच्या शिस्तपालन समितीवर असाल. काम एकच. गोलमागच्या स्टँडमध्ये लाल उजेड पडला की कुणाला तरी शिक्षा झाली पाहिजे, आणि ती न्याय्य दिसली पाहिजे. ती खरोखर न्याय्य असणं हा पुढच्या इयत्तेचा विषय आहे.

सुरुवात वस्तूंच्या ओळखीपासून करू. हातात धरून पेटवायची ती फ्लेअर. मुळात ही वस्तू बुडत्या जहाजावरच्या माणसाने मदतीसाठी पेटवायची. हजार अंश सेल्सिअसच्या वर तापते, पाण्याने सहजासहजी विझत नाही. धुराचा डबा वेगळा : रंगीत धूर सोडतो आणि दमेकऱ्यांचा जीव घुसमटवतो. आवाजाचा बॉम्ब वेगळा. आणि नळीतून सुटून मैदान ओलांडून जाणारं रॉकेट तर अगदीच वेगळं. एवढं वाचून झालं की हे सगळं विसरा. अहवालात चारही वस्तूंना ‘पायरो’ म्हणायचं, म्हणजे फॉर्मवर एकच रकाना लागतो.

आता महत्त्वाचा नियम. आग किती तापली हे बघायचं नाही, ती कुणाच्या हातात आहे हे बघायचं. ८ फेब्रुवारी २०२० रोजी हॅम्बुर्गच्या स्टेडियममध्ये कार्ल्सरूहविरुद्धच्या सामन्याआधी प्रेक्षकांच्या स्टँडसमोर दहा धुराचे डबे रीतसर परवानगीने पेटवले गेले. जर्मन व्यावसायिक फुटबॉलमध्ये असं पहिल्यांदाच घडत होतं. अर्ज झाले, तज्ज्ञ आले, अग्निशमन दल उभं राहिलं, डबे पेटले, विझले, सामना झाला. तेवढाच धूर परवानगीशिवाय सोडला असता तर सोमवारी दंडाची नोटीस निघाली असती. यात तसं गैर काही नाही. परवानगी म्हणजे अंतर, वाळू आणि जबाबदार माणूस. पण परवानगी म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अरिकोडला फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसलं. सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या फुटबॉलच्या, अंतिम सामन्याआधी आयोजकांनीच उडवलेले फटाके प्रेक्षकांत घुसले आणि तीसहून अधिक माणसं जखमी झाली. तिथे ना अल्ट्रा, म्हणजे कट्टर समर्थकांचे गट, होते, ना बुरखे. होता तो सामन्याआधीचा समारंभ. म्हणून लक्षात ठेवा : पाहुण्यांच्या स्टँडमध्ये पेटला तर ‘हिंसक प्रवृत्ती’, मैदानाच्या मधोमध पेटला तर ‘नेत्रदीपक आतषबाजी’.

खेळ कुठला आहे यावरही लक्ष ठेवावं लागतं. इंग्लंडमध्ये फुटबॉल मैदानात शिरताना खिशात फ्लेअर सापडली तर १९८५ चा कायदा लागतो. ते कलम त्यात १९८६ साली घातलं गेलं, आणि त्याखाली तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तीच फ्लेअर घेऊन तोच पोरगा शनिवारऐवजी रविवारी संगीत महोत्सवाच्या गर्दीत गेला, तर त्यासाठी असं खास कलम २०१७ पर्यंत नव्हतं. साधारण तीस वर्षं इंग्लंडमधली आग गिटारपुढे निरुपद्रवी आणि चेंडूपुढे गुन्हेगार होती. नवशिक्याने याचं कारण विचारू नये. विचारलंच, तर ‘फुटबॉलची परंपरा’ असं मोघम उत्तर मिळेल.

आता दरपत्रक. जर्मन महासंघाने अलीकडच्या हंगामांत दंडाचे दर ठरवून टाकले. पेटवलेल्या प्रत्येक नगामागे पहिल्या श्रेणीत १,००० युरो, दुसऱ्या श्रेणीत ६००, तिसऱ्या श्रेणीत ३५०. म्हणजे क्लब खालच्या श्रेणीत घसरला की आगीवर सूट मिळते. यासाठी व्हिडिओ थांबवून थांबवून नग मोजणारा माणूस लागतो. तुम्ही तरुण असाल तर ते काम तुमच्याकडेच येईल. चष्म्याचा नंबर आधीच तपासून घ्या. चेष्टा बाजूला ठेवून एक कबूल केलं पाहिजे. याच दरपत्रकात नुसती हातात धरलेली फ्लेअर आणि फेकलेली किंवा उडवलेली फ्लेअर यांचे दर वेगळे आहेत. दुसरीचा दर कितीतरी चढा. हा भेद बरोबर आहे.

तो बरोबर का, हे समजण्यासाठी तीन नोंदी पाठ करा. इथे हसायला जागा नाही. मार्च १९९२, बार्सिलोना, एस्पान्योल विरुद्ध कादिझ : मैदान ओलांडून आलेल्या फ्लेअरने तेरा वर्षांचा मुलगा गेला. नोव्हेंबर १९९३, कार्डिफ, वेल्स विरुद्ध रोमानिया : समोरच्या स्टँडमधून सुटलेलं जहाजावरचं रॉकेट एका वयस्कर प्रेक्षकाला लागलं, तो जागीच गेला. फेब्रुवारी २०१३, बोलिव्हियातलं ओरुरो, सान होसे विरुद्ध कोरिंथियन्स : चौदा वर्षांचा मुलगा. तिन्ही ठिकाणी जीव घेतला तो उडवलेल्या वस्तूने. ‘सगळं पायरो एकच’ असं म्हणणारा आणि ‘आमची परंपरा, आम्हाला पेटवू द्या’ असं म्हणणारा, दोघेही या तीन नोंदींसमोर गप्प बसले तर बरं होईल.

ओरुरोच्या प्रकरणातून ‘आरोपी कसा निवडावा’ हा धडाही मिळतो. ब्राझीलहून सामना बघायला आलेल्या कोरिंथियन्सच्या बारा समर्थकांना पोलिसांनी पकडलं. रॉकेट एकाने उडवलं होतं, आत गेले बारा. काही दिवसांतच ब्राझीलमध्ये सतरा वर्षांच्या एका मुलाने ‘ते मी उडवलं’ असं सांगितलं. तरीही बारा जण तुरुंगातच राहिले; सात जूनमध्ये सुटले आणि उरलेले पाच ऑगस्टमध्ये. इकडे दक्षिण अमेरिकेच्या महासंघाने कोरिंथियन्सचे सामने प्रेक्षकांविना खेळवायचा हुकूम काढला. साओ पावलोच्या पाकाएंबू स्टेडियममध्ये पुढचा सामना जवळपास रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला. जवळपास अशासाठी, की चार जण न्यायालयाचा आदेश घेऊन आले आणि निवांत बसून सामना बघून गेले. मेलेल्या मुलाच्या घरच्यांना यातून काय मिळालं, हा रकाना फॉर्मवर नाही.

दोषी सापडत नसेल तर क्लब आहेच. यूएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, नियमांत प्रेक्षकांच्या वर्तनाची जबाबदारी क्लबवर असते, मग क्लबची स्वतःची चूक असो वा नसो. २००५ च्या एप्रिलमध्ये सान सिरोवर इंटरच्या स्टँडमधून आलेली फ्लेअर मिलानचा गोलरक्षक दिदा याच्या खांद्यावर पडली आणि सामना सोडून द्यावा लागला. त्यावेळी दंड आणि रिकामं स्टेडियम, दोन्ही शिक्षा इंटरला झाल्या. हजारो समर्थक तिकिटं गमावून बसले. घोळक्यातल्या एकाने आगाऊपणा केला म्हणून अख्ख्या वर्गाला ओणवं उभं करणारे मास्तर आठवत असतील, तर हा विभाग तुम्हाला सोपा जाईल.

क्लबने मात्र दंड निमूटपणे भरू नये. वसुली पुढे ढकलावी. फेब्रुवारी २०१४ मध्ये कोलोनच्या मैदानावर पाडरबॉर्नविरुद्ध एका प्रेक्षकाने वरच्या मजल्यावरून बॉम्ब फेकला आणि खाली सात जण जखमी झाले. महासंघाने हा आणि आधीचे आणखी काही प्रकार एकत्र करून क्लबला शिक्षा दिली. क्लबने बॉम्ब फेकणाऱ्याला कोर्टात खेचलं. २०१६ साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की दंडाची झळ त्या प्रेक्षकापर्यंत पोहोचवता येते. मग प्रश्न आला : किती? सगळ्या प्रकारांच्या सुट्या शिक्षा मांडल्या, त्यात याचा वाटा काढला, आणि त्रैराशिकाने उत्तर आलं २०,३४० युरो. माझ्या मते या सगळ्या धुरात हा निकाल त्यातल्या त्यात स्वच्छ आहे. हात सापडला, इजा सिद्ध झाली, आणि त्या हाताने इतरांच्या वाटणीचे पैसे भरले नाहीत.

असा हात नेहमी सापडत नाही. पोरं मोठ्या झेंड्याखाली शिरतात, कपडे बदलतात, तोंड झाकतात आणि बाहेर पडताना सगळी सारखीच दिसतात. अशा वेळी ज्यांना ही पोरं ओळखतात त्यांना गाठावं. कार्ल्सरूहला नोव्हेंबर २०२२ मध्ये सांक्ट पाउलीविरुद्धच्या सामन्यात धुरामुळे अकरा जणांना त्रास झाला. चाहत्यांसोबत काम करणाऱ्या तीन समाजसेवकांनी तरुणांना आणि जखमींना समोरासमोर बसवून बोलणी घडवली. तिथे कोण काय बोललं ते सांगा, असं सरकारी वकिलाने म्हटल्यावर तिघांनी तोंड उघडलं नाही. २०२४ साली न्यायालयाने त्या तिघांनाच दंड ठोठावला. पुढे अपिलात काही रक्कम भरण्याच्या अटीवर प्रकरण मिटलं. जो पेटवतो तो गर्दीत राहतो, आणि जो भांडण मिटवतो त्याचं नाव आणि पत्ता दोन्ही आपल्याकडे असतात. सोयीचा भाग हाच.

शेवटी स्टेडियमबंदी. ही लावायला गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. जर्मन घटनात्मक न्यायालयाने २०१८ मध्ये हे मान्य केलं. २००६ साली ड्यूसबर्गमधल्या सामन्यानंतर बायर्नच्या सोळा वर्षांच्या एका समर्थकावर बंदी आली. त्याच्यावरचा गुन्हा क्षुल्लक म्हणून बंद झाला, तरी बंदी २००८ पर्यंत कायम राहिली आणि न्यायालयाने ती उचलून धरली. पण न्यायाधीशांनी एक अडचणीची अट घातली : मनमानी चालणार नाही. ठोस कारण हवं, शक्यतो आधी माणसाचं म्हणणं ऐकायला हवं, आणि त्याने विचारलं तर बंदीची कारणं सांगायला हवीत.

म्हणून बंदीचं पत्र लिहिताना कारणांच्या रकान्यात किमान दोन ओळी मोकळ्या ठेवा. त्यात वस्तू कुठली होती, ती हातात होती की उडवली, कुणी पाहिलं, आणि त्या माणसाने काय सांगितलं, एवढं लिहावं लागेल. फॉर्मवर ‘पायरो’चा एकच रकाना असेल तर कार्यालयाकडून नवीन फॉर्म मागवून घ्या.